मों ब्लांच्या पायथ्याचा बुटका मांडव



दौऱ्यावरून येऊन महिना होत आला. भेटेल तो एकच विचारतो, काय बघितलं तिकडं? ड्रोन बघितले का, रोबोट बघितले का? बघितले. हॉलंडमधली काचेची घरं बघितली, गोठ्यातली दूध काढायची यंत्रं बघितली. त्यावर आमच्या ग्रुपमधले बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते शेवटच्या दिवशी दुपारी बघितलेल्या अठरा गुंठ्यांवर.

परतीचं विमान मिलानचं होतं. फ्रान्समधल्या शामोनीहून बस मों ब्लां डोंगराच्या पोटातल्या बोगद्यात शिरली. साडेअकरा किलोमीटरचा बोगदा, १९६५ सालापासून चालू. पलीकडं निघालं की इटली. त्या भागाला आओस्ता दरी म्हणतात. इटलीचा सगळ्यात लहान प्रांत. पाट्या इटालियन आणि फ्रेंच दोन्हींत, गावांची नावं बहुतेक फ्रेंच. मान वर करावी तर ४,८०० मीटरच्या वरचा बर्फाचा डोंगर, आणि रस्त्याच्या कडेला चक्क द्राक्षबाग. मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर होतो, आधी वाटलं काकडी-दोडक्याचा मांडव असेल. जवळ गेलो तर घड लटकलेले.

गावाचं नाव मोर्जे. त्याला लागून ला साल. ह्या दोन गावांच्या बागा समुद्रसपाटीपासून साधारण ९०० ते १,२०० मीटरवर आहेत. युरोपातल्या सगळ्यात उंचावरच्या बागांत त्यांची गणती होते. तुम्ही म्हणाल, आपलं महाबळेश्वर त्याहून उंच आहे, त्यात काय एवढं. पण महाबळेश्वर १८ अंशांवर आहे आणि हे गाव ४५ अंशांच्या वर. तिथं हिवाळ्यात बाग बर्फात असते. आपण वर्षात दोन छाटण्या करतो, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला गोडी. त्यांची वेल हिवाळाभर झोपते, छाटणी एकदाच, आणि वसंतात फुटलेला डोळा सप्टेंबरात घड देऊन मोकळा. मधे जे चार-पाच महिने ऊन मिळेल तेवढंच.

म्हणून मांडव बुटका. माझ्या कंबरेच्या जरा वर, बस. लाकडी खांब, आडव्या काठ्या, मधे मधे रचलेल्या दगडांचे बांध. आमच्यातला एक जण म्हणाला, एवढा खाली मांडव म्हणजे फवारायला माणूस झोपवावा लागेल. खरंच तसंच आहे. गुडघ्यावर बसून, कधी पार वाकून आत शिरायचं. ट्रॅक्टर विसरा, ब्लोअर विसरा.

कारण ऐकलं तेव्हा मात्र पटलं. दिवसभर जमीन आणि दगड तापतात. रात्री ती ऊब वर निघते, आणि पानांचं छप्पर ती अडवून धरतं. वरून बर्फावरचा गार वारा येतो तो मांडवावरून निघून जातो. घड जमिनीजवळ, उबेत. आपण मांडव पाच-सहा फुटांवर नेला, नंतर वाय केला, तो खालून हवा खेळावी आणि डाऊनी कमी यावा म्हणून. त्यांनी खाली आणला तो ऊब राहावी म्हणून. वेल तीच, तार-काठीचं कामही तेच, गरज उलटी. कुणाचं तरी बघून बांधणी बदलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, मी पण त्यातलाच आहे.

पाऊस तिथं कमी. आश्चर्य वाटेल, चहूबाजूंनी बर्फाचे डोंगर आणि दरी कोरडी. आपल्याकडं सह्याद्रीनं ढग अडवले की माण-खटाव कोरडं राहतं, तसंच. ढग बाहेरच्या डोंगरांवर रिकामे होतात, आतल्या दरीला उरतं थोडं. त्यामुळं त्या लोकांनी मध्ययुगापासून डोंगराच्या कडेकडेनं पाट काढलेत, बर्फ वितळलेलं पाणी शेतापर्यंत आणायला. त्याला ते 'रू' म्हणतात. आपल्याकडच्या फड पद्धतीच्या पाटांची आठवण झाली. दरीच्या दोन बाजूंनाही त्यांची वेगळी नावं आहेत, उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू. द्राक्ष उन्हाच्या बाजूला, सावलीच्या बाजूला जंगल आणि गवत. जमीन कुठली हे विचारायच्या आधी कुठल्या बाजूची हे विचारतात.

आता जात. एकच जात, प्रिए ब्लां. पांढरी. दुसरं काही त्या उंचीवर नीट पिकत नाही म्हणा ना. डोळा उशिरा फुटतो म्हणून उशिराच्या थंडीतून बऱ्याचदा वाचतो, आणि मणी लवकर तयार होतो म्हणून थंडी परतायच्या आत काढणी उरकते. बऱ्याचदा म्हणालो, नेहमी नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये युरोपात जी थंडीची लाट आली तिनं ह्या दरीतही कोवळे फुटवे जाळले. निफाडला पारा उतरला की आपण शेकोट्या पेटवतो, पहाटे ड्रिप चालू करतो. आल्प्समध्ये काही ठिकाणी स्प्रिंकलरनं पाणी मारून डोळ्यांवर बर्फच गोठवतात. गोठताना पाणी ऊब सोडतं आणि आतला डोळा वाचतो. बर्फानं बर्फाचा इलाज. पण त्याला पाणी आणि पैसा लागतो.

आणि ही वेल स्वतःच्या मुळावर आहे. कृषी पदवीधरांनी इथं कान द्यावा. १८६० नंतर अमेरिकेतून फायलोक्झेरा नावाची मुळावरची कीड युरोपात आली आणि बागाच्या बागा वाळल्या. शेवटी सगळ्या युरोपानं अमेरिकन खुंटावर कलम बांधायला सुरुवात केली. मोर्जेला ती कीड रुजली नाही. थंडी, आडबाजूची जागा, हिमनदीनं आणून टाकलेली वाळूमिश्रित जमीन. त्यामुळं तिथं खुंटाचा प्रश्नच आला नाही. वेल मेली तर शेजारची काडी वाकवून मातीत दाबायची, मुळं धरली की झाली नवी वेल. आपले वडील हेच करायचे की. आपण डॉगरिजवर गेलो तो क्षार आणि पाण्याच्या ताणामुळं, ते लोक गेले किडीमुळं. खुंट शब्द एकच, दुखणं वेगळं. युरोपचा खुंट म्हणून कुणी तुमच्या गळ्यात मारत असेल तर हे विचारा.

बागेत एक बाई होती. सत्तरीच्या पुढची, डोक्याला रुमाल, हातात कात्री. काढणी चालू होती. आमच्याबरोबर दुभाषी म्हणून एक तरुण होता, तो इटालियनचं इंग्रजी करायचा, आणि आमच्यातला एक पदवीधर त्याचं मराठी. दोन चाळण्यांतून आलेलं बोलणं आहे, तेवढं समजून घ्या.

आपल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला. एकरी माल किती? बाईला एकर कळेना. ती चौरस मीटरमध्ये बोलत होती. तिची सगळी बाग १,८०० चौरस मीटर, तीन ठिकाणी. म्हणजे अठरा गुंठे, आणि तेही तीन तुकडे. आमच्यातले दोघं हसले. मी पण हसलो असतो, पण माझ्या डोक्यात दुसरंच चालू झालं. अठरा गुंठ्यांची, यंत्र न चालणारी, वर्षातले निम्मे महिने गारठलेली बाग, आणि ती उभी आहे. आणि माझी दीड एकर, सपाट, विहीर-बोअर, रस्त्याला लागून, तिचं काय झालं?

नव्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. २००१ ला राज्याचं वाईनचं धोरण आलं. नाशिक भागात कारखाने उभे राहायला लागले. २००६ ला आम्ही गावातल्या सात जणांनी एका कंपनीशी करार केला. मी दीड एकर शिराज आणि थोडी शेनिन ब्लां लावली. पहिली दोन वर्षं गाडी दारात यायची. ब्रिक्स मोजायचा, वजन करायचं, चेक मिळायचा. गावात मान वाढला. त्यानंतर मंदी आली, कंपनी म्हणाली टाक्या भरलेल्या आहेत, ह्या वर्षी माल नको. कराराचा कागद घेऊन गेलो तर त्यात बारीक अक्षरात काय काय होतं ते तेव्हा वाचलं. वाईनची द्राक्षं बाजारात कोण घेणार? मणी बारीक, बी मोठी, साल जाड. थोडा माल आठ रुपये किलोनं कुणाच्या तरी ज्यूसला गेला, बाकीचा वेलीवर सुकला. २०१० च्या उन्हाळ्यात जेसीबी लावून बाग काढली. आमच्या तालुक्यात तेव्हा अशा बागा काढणारा मी एकटा नव्हतो. सातांपैकी एकाचीही बाग आज राहिलेली नाही.

कंपनीला मी शिव्या घातल्या, अजून घालतो अधूनमधून. पण मोर्जेला उभं राहून वाटलं, आपण खरं म्हणजे द्राक्ष विकत होतो, वाईन कंपनी विकत होती. टाकी तिची, बाटली तिची, लेबल तिचं. त्या लेबलवर आमच्या गावाचं नाव कधी आलं नाही. माल नको म्हणायला तिला एक फोन पुरला.

मोर्जेला टाकी कुणाची? त्या बाईची. म्हणजे तिच्यासारख्या सगळ्यांची. दोन्ही गावांच्या बागा मिळून काही डझन एकरच भरतील, पण त्यातले बहुतेक लोक एका सहकारी वायनरीचे सभासद आहेत. काव्ह मों ब्लां तिचं नाव. १९८३ साली स्थापना. त्याच्या आधी घरोघरी तळघरात वाईन व्हायची, घरी प्यायची, उरली तर विकायची. मोर्जेच्या चर्चचे एक पाद्री होते, आलेक्सांद्र बूझा. ह्या वाईनला बाहेर नाव मिळावं म्हणून त्यांनी बरीच खटपट केली असं तिकडं सगळे सांगतात. पाद्रीबाबा वाईनच्या मागं लागले म्हटल्यावर आमच्यातले माळकरी जरा अस्वस्थ झाले. पण त्यांच्या पूजेतच वाईन आहे, त्यामुळं त्यांना त्यात वावगं काही नाही.

आता नाव. बाटलीवर काय लिहिलंय? 'ब्लां द मोर्जे ए द ला साल'. मोर्जे आणि ला सालची पांढरी. एवढंच. हे नाव कुणा एकाचं नाही. ह्या गावांची द्राक्षं आणि जात प्रिए ब्लां असेल तरच ते नाव लावता येतं, तसा त्यांचा कायदा. आपल्या जीआयसारखं समजा. आपल्याकडं 'नाशिक व्हॅली वाईन'ला जीआय आहे. किती बागायतदारांना माहीत आहे? मला स्वतःला बाग काढल्यानंतर कळलं. आणि नाशिक व्हॅली म्हणजे केवढा मोठा मुलूख. तिथं दोन खेड्यांची नावं आहेत, ज्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला माणूस चालत जाईल.

चव विचाराल तर मी घेत नाही. पण बागायतदार म्हणून एक घोट घेतला, घरी सांगितलंय. आंबट आणि हलकी. हिरव्या सफरचंदाची फोड, आणि मागून वाळल्या गवताचा वास, आपल्या गंजीजवळ पहाटे येतो तसा. नशा चढावी अशी नाही. अल्कोहोल ११-१२ टक्क्यांच्या आसपास. साधा हिशेब आहे, ब्रिक्सला ०.५५ नं गुणा. २० ब्रिक्सला ११ टक्के. आमच्या शिराजला कंपनी २४ मागायची, म्हणजे १३ च्या वर. मोर्जेला २४ यायचा नाही आणि ते मागतही नाहीत. रात्री गार असल्यानं आंबटपणा टिकतो, आणि तो आंबटपणा हाच त्यांचा माल. त्याच आंबटपणावर ते बुडबुड्याची वाईन करतात. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायची, त्याचा वायू आत कोंडतो. त्या सहकारीनं तर केबल कारच्या मधल्या स्थानकापाशी, २,१७३ मीटरवर, एक लहानसं तळघर केलंय, तिथं अशी वाईन तयार होते. त्यात जाहिरात किती आणि गुण किती ते मला सांगता येणार नाही, जाहिरात बरीच असावी. पण जाहिरातीचा फायदा कुणाला, तर त्या अठरा गुंठेवालीला. काही घड डिसेंबरापर्यंत वेलीवर ठेवतात, ते गोठले की पिळतात, त्याची गोड वाईन होते. आपण ज्याला नुकसान म्हणतो त्याचा त्यांनी माल केला.

मी एवढं बोलल्यावर बसमध्ये वाद झाला. आमच्या ग्रुपमधले एक जण, निर्यातीची मोठी बाग आहे त्यांची, म्हणाले, तुम्ही भोळे आहात. हे सगळं सबसिडीवर चाललंय. युरोपात सरकारनं पैसा बंद केला तर उद्या बागेत गुरं चरतील.

सबसिडी आहे, खोटं कशाला बोलू. तिकडं डोंगरातल्या द्राक्षशेतीला 'वीरांची द्राक्षशेती' म्हणतात. ५०० मीटरच्या वर, किंवा ३० टक्क्यांहून जास्त उतार, किंवा बांध घालून केलेल्या पायऱ्या, किंवा लहान बेटं, अशा बागा त्यात येतात. आओस्तातच तिचा अभ्यास करणारं केंद्र आहे, सेर्विम नावाचं. इटलीच्या २०१६ च्या वाईन कायद्यात अशा बागा जपायचं कलम आहे. रचलेल्या दगडांच्या बिनचुन्याच्या भिंतीची कला २०१८ ला युनेस्कोच्या यादीत गेली. पण सगळा खेळ पैशाचा असता तर बागा कमी झाल्याच नसत्या. आओस्ता दरीत आज सगळ्या मिळून चार-पाचशे हेक्टरच्या आसपास द्राक्ष उरलंय. एकेकाळी याच्या कितीतरी पट होतं. बसमधून दिसतच होतं. डोंगराच्या अंगावर पायऱ्या पायऱ्यांच्या रेघा, आणि त्यांत झाडी वाढलेली. त्या एकेकाळच्या बागा. सबसिडी त्यांनाही मिळाली असती. धरून ठेवणारं घर उरलं नाही.

आणि डोंगरातली मजुरी काय असते ते समजून घ्या. इटलीतच पूर्वेकडं वाल्तेल्लिना म्हणून दरी आहे, तिथं सगळ्या बागा दगडी पायऱ्यांवर. भिंतींची लांबी मोजली तर अडीच हजार किलोमीटर भरते म्हणतात. माती खालून पाठीवरच्या टोपल्यांतून वर नेलेली. तिथं हेक्टरी वर्षाला हजार-बाराशे तासांच्या वर माणसाचं काम लागतं. सपाटीवर यंत्रानं चाललेल्या बागेला त्याच्या पाव भागही लागत नाही. काही ठिकाणी काढणीचे क्रेट हेलिकॉप्टरनं खाली आणतात. ऐकून आमचे निर्यातवाले पण गप्प झाले. एवढ्या खर्चाची वाईन सपाटीच्या वाईनच्या भावात गेली तर पहिल्याच वर्षी बाग बंद. म्हणजे भाव हा नावाला मिळाला पाहिजे, आणि तो भाव मधल्या कुणाच्या खिशात न थांबता डोंगरावर परत गेला पाहिजे. माझं म्हणणं एवढंच होतं.

सहकार म्हटलं की आपल्याकडं लगेच नाक मुरडतात. कारण आहे, आपण काय काय बघितलंय ते सगळ्यांना माहीत आहे. आमचा दुभाषी पोरगा इथं कामाला आला. तो निघाला आल्तो आदिजेचा, म्हणजे आल्प्समध्येच पण पार दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रियाच्या सरहद्दीजवळ. घरी अडीच एकर बाग, वडील सोसायटीचे सभासद. त्यांच्या भागात सुमारे पाच हजार बागायतदार आणि साडेपाच हजारांच्या आसपास हेक्टर, म्हणजे माणशी हेक्टरभर. पहिली सोसायटी १८९३ ची. आज तिथली साधारण सत्तर टक्के वाईन सोसायट्यांचीच.

मी त्याला विचारलं, मग तुमच्याकडं भांडणं होत नाहीत का? तो हसला. म्हणाला, आजोबांच्या काळात नुसतं वजन बघायचे. जो जास्त टन आणेल त्याला जास्त पैसे. लोकांनी पाणी-खत मारून टन वाढवले, वाईन पांचट झाली, स्वस्तात मोठ्या बाटल्यांतून बाहेर जायला लागली, भाव पडला. मग १९८० च्या सुमारास काही सोसायट्यांनी नियम बदलला. वेलीवर घड किती ठेवायचे ते ठरलं. सोसायटीचा माणूस बागेत येतो, प्लॉट बघतो, कोणत्या प्लॉटचा माल कोणत्या वाईनला जाईल ते सांगतो, आणि भाव त्याप्रमाणं. त्याच्या वडिलांना शेजाऱ्यापेक्षा कमी भाव मिळाला तेव्हा दोन वर्षं ते मीटिंगला गेले नाहीत. तिसऱ्या वर्षी घडांची विरळणी करायला लागले.

हे ऐकून मला आपली उसाची काटा-बिलं आठवली. वजनावर पैसे देणारा सहकार आपण उभा केला, आणि मोठा उभा केला. पण द्राक्षाला वजन हे माप चालत नाही. टेबल ग्रेपमध्ये आपण हे शिकलोच की. रेसिड्यू, साईज, साखर, सगळं मोजून घेतात आणि आपण देतो. मोहाडीला शेतकऱ्यांनीच कंपनी करून निर्यात उभी केली ती डोळ्यांसमोर आहे. म्हणजे जमत नाही असं नाही. वाईनमध्येच आपण माल देणारे राहिलो.

आता माझ्याच म्हणण्यातली एक गोची सांगतो, नाहीतर कुणीतरी सांगेलच. बाईला मी शेवटी विचारलं, ह्या बागेवर घर चालतं का? ती एवढी हसली की दुभाष्याला भाषांतर करायची गरज पडली नाही. मुलगा केबल कारवर नोकरीला. सून हॉटेलात. हिवाळ्यात बर्फावर घसरायला लोक येतात, उन्हाळ्यात डोंगर चढायला येतात, घर त्याच्यावर चालतं. बाग संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी. काढणीला सगळं घर, शेजारी, शहरातले पाहुणे. म्हणजे मों ब्लांसारखा डोंगर दारात नसता तर ही बाग राहिली असती का? मला शंका आहे. वाईन पिणारा पाहुणा पायानं चालत त्यांच्या दारात येतो, लेबलवरचं गाव बघतो आणि बाटली घेऊन जातो. आपल्या दारात असा पाहुणा नाही. नाशिकला वाईनरी बघायला मुंबई-पुण्याचे लोक येतात खरे, पण ते कंपनीच्या गेटमधून आत जातात आणि तिथूनच परत जातात. माझ्या बांधावर कोण येतंय?

म्हणून कुणी माझं वाचून उद्या शिराज लावायला निघू नका, हात जोडून सांगतो. दहा-वीस जणांनी मिळून टाकी घालायची म्हटलं तरी लायसन्स आहे, उत्पादन शुल्क आहे, स्टीलच्या टाक्या, गार ठेवायची वीज, आणि सगळ्यात अवघड म्हणजे वाईन विकली जाईपर्यंत पैशाशिवाय काढायचे महिने. आल्प्समधल्या सोसायट्या सभासदाला हप्त्याहप्त्यानं पैसे देतात, वाईन विकेल तसे. मुलगा केबल कारवर असला की हप्त्याची वाट बघता येते. सोसायटीचं कर्ज डोक्यावर असलं की येत नाही. आमचे निर्यातवाले इथं बरोबर होते, आणि मी त्यांना तसं विमानात सांगितलं.

तरी पण. त्या सातांपैकी चौघांशी परवा बोललो. एकाच्या बांधाला जुन्या शेनिनच्या पाच वेली अजून आहेत, जेसीबीच्या तोंडातून सुटलेल्या. तो म्हणाला, दरवर्षी बायको त्याचे मनुके करते. आम्ही नुसतं एवढं ठरवलं की ह्या हंगामात त्या पाच वेलींचा ब्रिक्स आणि आम्लता दर आठवड्याला मोजायची, आमच्या जमिनीत, आमच्या रात्रीच्या थंडीत त्याचं काय होतं ते लिहून ठेवायचं. कंपनीनं मोजलं होतं, पण ती वही कंपनीकडं राहिली. आमच्याकडं एक आकडा नाही. रिफ्रॅक्टोमीटर माझ्याकडं आहे, आम्लता मोजायचं किट कुणाकडं पडून असेल तर कळवा, घेऊन जाऊ आणि परत देऊ.

निघताना आम्ही बसकडं येत होतो तेव्हा बाई बांधाशी वाकली होती. वरचा एक दगड निसटून खाली आला होता. तिनं तो उचलला, फिरवून फिरवून बघितला, पहिल्या जागी बसेना म्हणून दुसरीकडं ठेवला आणि पहिल्या जागेसाठी दुसरा शोधायला लागली. गाईड घाई करत होता. मी थोडा वेळ बघत होतो, मला आवडलं असतं तो बसलेला बघायला, पण बस सुटली.

बाटली एक आणलीय. फडताळात आहे, फोडलेली नाही. घरातल्यांनी लेबल वाचायचा प्रयत्न केला, मोर्जेचं 'मोर्गेक्स' झालं. मी पण तसंच वाचलं होतं.

छाटणीची माणसं आलीत, आज वरच्या प्लॉटला पेस्ट लावायची आहे. थांबतो.